कोऱ्या बशीची साक्ष

लोणारच्या विवराच्या काठावर, जेथे धारातीर्थाचे गोडे पाणी गोमुखातून अखंड पडत असते, तेथे पहाटेच्या गारठ्यात स्नानासाठी थांबलेले भाविक आणि त्यांच्याच बाजूने निर्जंतुक केलेल्या बाटल्या उराशी धरून तळ्याकडे उतरणारा सूक्ष्मजीवशास्त्राचा विद्यार्थी, हे दोघेही शुद्धीच्याच शोधात निघालेले असतात, असे मला फार वर्षांपासून वाटत आले आहे. एकाला देह आणि मन निर्मळ व्हावयास हवे असते; दुसऱ्याला तळ्याच्या एका थेंबात वसणारे जीव, इतर कशाचीही भेसळ न होता, पाहावयाचे असतात. या दोन शुद्धींचे परस्परांशी नाते काय, हा प्रश्न वरवर पाहता प्रयोगशाळेच्या कामकाजाचा वाटला, तरी माझ्या मते तो धर्मविचाराचाच प्रश्न आहे.

आमच्या घाटावरच्या घरात आजी सोवळ्याने स्वयंपाक करी. वाळत घातलेले सोवळे ती काठीने उतरवून घेई, ओलेत्याने पाणी भरी, आणि आम्हां मुलांना उंबऱ्याच्या अलीकडे थोपवून धरी. त्या शिस्तीत जो एकाग्र नेमस्तपणा होता, त्याचे मोल मी आजही कमी लेखीत नाही. परंतु त्याच शिस्तीच्या नावाखाली गावातील कित्येकांना पाणवठ्यापासून दूर ठेवण्यात आले, हेही मी विसरू शकत नाही. त्या सोवळ्याचे गृहीतच असे होते, की मळ बाहेर आहे, दुसऱ्याच्या अंगाला आहे, आणि मी त्यापासून जपले पाहिजे. याच वऱ्हाडात गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला, दिवसा गाव झाडले आणि रात्री कीर्तन केले. स्वच्छतेची दिशा त्यांनी स्वतःकडून दुसऱ्याकडे वळविली. प्रयोगशाळेत मला जे शिकावे लागले, ते या दुसऱ्या परंपरेला अधिक जवळचे आहे, हे कळण्यास मात्र एक फजिती व्हावी लागली.

लोणारचे पाणी अत्यंत अल्कधर्मी, त्याचा सामू १० च्या आसपास. या तळ्यातून निघणाऱ्या क्षाराला डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी प्रतवारीची नावे होती. अशा पाण्यातले जीव वाढवावयाचे, तर त्यांच्या अन्नातही तसाच सोडा घालावा लागतो. पण अन्न आणि अगर यांच्यासह सोडाही एकत्रच १२१ अंशांवर, पंधरा पौंड दाबाखाली तापविला, तर मिश्रण तपकिरी पडते आणि अगर नीट थिजत नाही. म्हणून सोड्याचे द्रावण निराळे निर्जंतुक करून, दोन्ही काहीसे निवल्यावर, ज्योतीच्या सान्निध्यात एकत्र करावयाचे असते. अगर, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातील चायनाग्रास, ही देणगीही स्वयंपाकघराचीच: फॅनी हेसे या गृहिणीने ती १८८१ च्या सुमारास सुचविली आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कॉख यांच्या प्रयोगशाळेत तिचा वापर सुरू झाला. पुढे तारेचे कडे ज्योतीत लालबुंद करावे, निवू द्यावे, बशीचे झाकण जेमतेम उचलावे, आणि थेंब चार टप्प्यांत असा रेखीत जावे, की प्रत्येक टप्प्यात जीव विरळ होत जाऊन अखेरच्या रेघेवर एकेकटी वसाहत उठावी. हे पुस्तकातून येत नाही. मनगटाला ते कळावे लागते, आणि मनगट घाई सहन करीत नाही.

मी घाई केली होती. सोड्याचे द्रावण पुरेसे तापले आहे की नाही, याची खातरजमा न करता मी ते ओतले. तिसऱ्या दिवशी बशांवर खडूसारख्या पांढुरक्या वसाहती उठलेल्या पाहून, तळ्याने आपल्याला पहिला कौल दिला, अशा आनंदात मी गुरुजींकडे धावलो. त्यांनी माझ्या बशांकडे ढुंकूनही पाहिले नाही. “कोऱ्या बशीत काय आहे?” एवढेच विचारले. ज्या बशीत तळ्याचा थेंब मुळीच घातलेला नव्हता, तिच्यातही तीच पांढुरकी वसाहत होती.

सांख्यांनी आणि वेदान्त्यांनी साक्षी म्हणून ज्याचे वर्णन केले, तो सर्व पाहतो पण कशात गुंतत नाही. कोरी बशी ही मला त्या कल्पनेची मूर्त प्रतिमा वाटते. इतर बशांचे अन्न तिला, इतरांचा ताप तिला, तितकेच दिवस त्याच कपाटात. फक्त थेंब नाही. ती तळ्याविषयी एक अक्षर सांगत नाही, सांगते ते माझ्याविषयी. पतंजलींनी नियमांत शौचाला पहिले स्थान दिले आहे. त्या शौचाचा अर्थ मला त्या दिवशी निराळा कळला. तळ्याचा थेंब मळका नव्हता. त्याला माझ्यापासून जपावयाचे होते.

तरीही एक शंका मनात राहतेच. अशा रीतीने विलग केलेला शुद्ध संवर्ध हेच सत्य मानावयाचे काय? तळ्यात कोणीच एकटा राहत नाही. सूर्यप्रकाशावर अन्न घडविणारे स्पिरुलिनासारखे निळे-हिरवे जीव, त्यांच्यावर जगणारे दुसरे, आणि गाळाच्या अंधारात प्राणवायूवाचून नांदणारे तिसरे, असा हा एकत्र प्रपंच आहे. आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्यांपैकी कितीतरी जीव आमच्या बशीत उतरतच नाहीत. २०२० च्या जून महिन्यात तळे गुलाबी झाले, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर गेले, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून हा रंग क्षारप्रिय आर्किया गटातील सूक्ष्मजीवांचा असल्याचे सांगितले. नमुना स्थिर ठेवला असता गुलाबी जीवभार तळाशी बसला आणि पाणी नितळ झाले. रंग पाण्याचा नव्हताच. त्यात राहणाऱ्या समुदायाचा होता. मग एकट्याला वेगळे काढणारी आमची शुद्धी म्हणजे तळ्याचे वर्णन नव्हे; ते एक व्रत आहे, मर्यादा ठाऊक असताना पाळावयाचे.

तीच मर्यादा माझ्या या साक्षीलाही आहे, हे ध्यानी यावयास मला आणखी काही वर्षे लागली. दर्शनांतला साक्षी सर्वद्रष्टा असतो. माझ्या कोऱ्या बशीला मात्र तिच्या अन्नावर जे वाढेल तेवढेच दिसते. सामू १० च्या सोड्यात माणसाच्या बोटावरचे बहुतेक जीव तग धरीत नाहीत, आणि म्हणून त्या बशीचे कोरेपण माझ्या हातांच्या निर्मळपणाचा पुरावा होऊ शकत नाही. यास्तव आता मी विद्यार्थ्यांना दोन कोऱ्या बशा ठेवावयास सांगतो: एक तळ्याच्या खाऱ्या अन्नाची, आणि दुसरी साध्या अन्नाची, जिच्यावर हातावरचे जीव सुखाने वाढतात.