‘ऐकू येतंय ना?’

म्हैसूरच्या मानसगंगोत्री भागात १९६५ साली सुरू झालेलं अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थान आहे. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे आतल्या कानात इलेक्ट्रोड घालून ऐकवणारं यंत्र, बसवलेली माणसं अशा ठिकाणी ‘मॅपिंग’साठी येतात. किती विद्युतप्रवाहाला आवाज जेमतेम ऐकू येतो आणि कितीला तो नकोसा होतो, हे एकेका इलेक्ट्रोडसाठी ठरवलं जातं. सोबत घरचे असतात. आज त्यांच्याशी बोलायचं आहे.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी यंत्र पहिल्यांदा चालू करतात. त्या क्षणाचे व्हिडिओ आपण पाहिलेले असतात : आवाज येतो, डोळे भरून येतात. मोठेपणी ऐकणं गेलेल्या कित्येकांना मात्र त्या दिवशी नुसते पत्र्यासारखे, शिट्टीसारखे आवाज येतात. बायको बोलतेय हे दिसतं. आवाज तिचा वाटत नाही. निरोगी कानात नाद मेंदूकडे पोचवणाऱ्या आतल्या केसपेशी सुमारे साडेतीन हजार असतात, यंत्राचे इलेक्ट्रोड साधारण बारा ते बावीस. एवढ्याशा खुणांवरून मेंदूला बोलणं पुन्हा जुळवायचं असतं. जन्मतः बहिऱ्या मुलाला हा आवाज पहिलाच असतो. मोठ्या माणसाकडे जुन्या आवाजांची आठवण असते. पुढे ती कामी येते, पण सुरुवातीला तीच छळते.

नेमकं तेव्हाच आपण विचारतो, ‘ऐकू येतंय ना? बरं वाटतंय ना?’ लाखोंचा खर्च झालेला असतो. केंद्राच्या एडिप योजनेत इम्प्लांटची मदत मुलांसाठी आहे. प्रौढाच्या बाबतीत बहुधा घरची पुंजीच मोडते. मग तो मान डोलावतो. उपकाराच्या ओझ्याखाली वदवून घेतलेला हा होकार मला अन्यायाचा वाटतो, आणि घातकही. मॅपिंग बरंचसं त्याच्या खऱ्या उत्तरांवर उभं असतं.

१९७८ साली मेलबर्नला डॉक्टर ग्रॅम क्लार्क यांनी ऐकणं गेलेल्या रॉड साँडर्स यांना अनेक इलेक्ट्रोडचं इम्प्लांट बसवलं. सुरुवातीच्या चाचणीत साँडर्सना काहीच ऐकू आलं नाही, आणि त्यांनी तसंच सांगितलं. शोध घेतल्यावर दोष चाचणीच्या उपकरणात निघाला. पुढच्या खेपेला राष्ट्रगीताची धून वाजली तेव्हा ते ताठ उभे राहिले. डॉक्टरांचं मन राखायला त्यांनी आधीच ‘हो’ म्हटलं असतं तर?

घरात असं ‘नाही’ म्हणायला जागा हवी. ‘काय म्हणालीस?’ असं त्याने तिसऱ्यांदा विचारलं की आपण ‘काही नाही, सोड’ म्हणतो. या तीन शब्दांनी माणूस ताटावरून उठवल्यासारखा होतो. मिक्सर, टीव्ही बंद करावा, समोर बसावं, एकाने बोलावं, वाक्य न कळल्यास वेगळ्या शब्दांत सांगावं. रोज थोडा वेळ बातमी वाचून दाखवावी : आधी मजकूर त्याच्यासमोर ठेवून, मग न ठेवता. कंटाळा येतो, आणि हे महिनोन्‌महिने चालतं. फोनवरचं बोलणं, गर्दीतलं बोलणं, गाणं तर आणखी उशिरा जमतं. कुणाला गाणं पूर्वीसारखं कधीच लागत नाही. तेही त्याला आपल्यापुढे मोकळेपणी बोलता यायला हवं.