घड्याळांचे विश्वस्त

प्रत्येक धंद्याचे कांहीं गुण असतात, तसे कांहीं नादही असतात. वैद्याला वनस्पतींचा, शास्त्र्याला पोथ्यांचा, इंजिनियराला जुन्या यंत्रांचा नाद लागतो, आणि त्या नादावरून त्या माणसाच्या मनाची घडण थोडीबहुत ओळखतां येते. अलीकडे लंडन, न्यूयॉर्क व मुंबई ह्या तिन्ही नगरांतील यशस्वी वकीलवर्गांत बहुमोल मनगटी घड्याळें जमविण्याचा नाद बराच फैलावलेला दिसतो. एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या संग्रहीं दहा-वीस घड्याळें असावींत, त्यांतील एकेकाची किंमत एखाद्या शिक्षकाच्या कित्येक वर्षांच्या वेतनाइतकी असावी, आणि मधल्या सुटींत बार-रूममध्यें खटल्यापेक्षां त्यांचीच चर्चा अधिक रंगावी, ह्यांत आतां नवल राहिलेलें नाहीं. ह्या नादाची थट्टा करणें सोपें आहे. पण थट्टेनें प्रश्न सुटत नाहीं. ज्यानें परक्याच्या हिताची जबाबदारी पत्करली आहे त्यानें अशा वस्तूंवर प्रेम करण्यांत कांहीं दोष आहे काय, आणि असल्यास तो नेमका कोठें आहे, एवढाच प्रश्न आम्ही येथें विचारार्थ घेत आहों.

प्रथम ही वस्तु म्हणजे काय हें नीट समजून घेतलें पाहिजे. घड्याळ वेळ कळण्यासाठीं असतें ही समजूत येथें उपयोगी नाहीं. २५ डिसेंबर १९६९ रोजीं जपानांतील सेको कंपनीनें क्वार्ट्झ स्फटिकावर चालणारें मनगटी घड्याळ बाजारांत आणलें. तें महिन्याकाठीं पांच सेकंदांच्या आंतच चुकत असे. उलट, स्वित्झर्लंडमध्यें रीतसर परीक्षा होऊन 'क्रोनोमीटर' म्हणून प्रमाणपत्र मिळालेल्या यांत्रिक घड्याळास आजही दिवसाला चार सेकंद मागें किंवा सहा सेकंद पुढें जाण्याची मुभा असते. म्हणजे कांहीं शें रुपयांचें घड्याळ जी वेळ दाखवितें, तिच्याहून कमी बिनचूक वेळ पाहण्यासाठीं संग्राहक कित्येक लाख रुपये मोजतो. हें त्याला ठाऊक नसतें असें मुळींच नाहीं. केसासारखी बारीक स्प्रिंग, तिच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर चक्राला एकेक दांत पुढें सोडणारी योजना, सेकंदास आठ ठोके ह्या हिशेबानें वर्षानुवर्षें चालणारें तें चिमुकलें विश्व, ह्यांत मनुष्याच्या बुद्धीचें आणि हाताचें जें कौशल्य सांठलेलें आहे त्याचें त्याला कौतुक असतें. ज्याला वीणेच्या भोपळ्यावरील नक्षी आवडते त्याला, तिच्यामुळें स्वर अधिक चांगला लागतो काय, असें कोणी विचारीत नाहीं. येथवर संग्राहकाची बाजू निर्दोष आहे.

परंतु कारागिरी हा त्या सुखाचा एक धागा झाला. दुसरा धागा दुर्मिळतेचा आहे. १९७२ सालीं ओदमार पिगे ह्या स्विस कंपनीनें 'रॉयल ओक' नांवाचें पोलादी घड्याळ काढलें आणि त्याची किंमत सोन्याच्या कित्येक घड्याळांहून अधिक ठेवली. ऑक्टोबर २०१७ मध्यें न्यूयॉर्क येथें पॉल न्यूमन ह्या नटाच्या मनगटावरचें रोलेक्स कंपनीचें 'डेटोना' घड्याळ लिलांवांत १ कोटी ७७ लाख डॉलरांस गेलें. तें कारखान्यांतून निघालें तेव्हां त्याच्यासारखींच दुसरीं घड्याळेंही निघालीं होतीं. पोलाद तेंच, चक्रें तींच. मग वाढलें काय? तें अमक्याच्या हातावर होतें आणि तसें दुसरें कोणापाशीं असूं शकत नाहीं, ही एकच गोष्ट. कारागिरीचा आनंद दुसऱ्यास वांटल्यानें घटत नाहीं. दुर्मिळतेचा आनंद मात्र दुसऱ्याजवळ ती वस्तु नसण्यावरच उभा असतो. हे दोन धागे एकाच दोरींत वळलेले असल्यामुळें आपण कोणत्या धाग्यानें बांधलों गेलों आहों, हें संग्राहकाला स्वतःलाही पुष्कळदां उमगत नाहीं.

आतां हा नाद वकिलांतच इतका कां रुजावा? आम्हांस त्याचीं तीन कारणें दिसतात. पहिलें बुद्धीचें. जुन्या घड्याळाची परीक्षा ही पुराव्याचीच परीक्षा असते. तबकडी मूळची कीं मागाहून रंगविलेली, आंतील यंत्राचा व बाहेरील कवचाचा क्रमांक एकाच काळचा कीं नाहीं, मूळ पावती जवळ आहे काय, मालकी हातोहात कशी उतरत आली, हे प्रश्न दस्तऐवज पारखणाऱ्या मनाला घरचेच वाटतात. दुसरें कारण पोशाखाचें. वकिलाला न्यायालयांत काळा कोट, झगा आणि पांढरे बँड ह्यांपलीकडे हौस करण्यास जागा नाहीं. शिवाय आपल्या धंद्याची जाहिरात करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनीं त्यास मनाई आहे. अशा स्थितींत बाहीच्या टोकाशीं चमकणारें घड्याळ न बोलतां पुष्कळ बोलतें. पक्षकार तें पाहतो आणि 'ह्यांचें चांगलेंच चालत असलें पाहिजे' असें मनाशीं म्हणतो. नियमानें जें जिभेस करूं दिलें नाहीं, तें मनगट करतें.

तिसरें कारण सर्वांत खोल आहे. वकील काळच विकतो. अमेरिकेंत बार-संघांनीं ठरविलेलीं किमान शुल्कपत्रकें तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९७५ सालीं गोल्डफार्ब खटल्यांत बेकायदा ठरविलीं, आणि त्यानंतर तासावर शुल्क आकारण्याची पद्धत तेथें अधिकच दृढ झाली. तासाचे दहा भाग करावयाचे, सहा-सहा मिनिटांची नोंद ठेवावयाची आणि तिचें बिल पक्षकारास पाठवावयाचें, ही रीत लंडनमध्येंही रुळली आहे. आमच्याकडे शुल्क बहुधा हजेरीवर घेतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेंत तें 'गोल्ड मोहरां'च्या संख्येनें मोजण्याची चाल होती. पण हजेरी तरी काय, काळाचीच एक लगड. ज्याचें आयुष्य असें तुकड्यातुकड्यांनीं दुसऱ्यांस विकलें जातें, त्याला काळ मुठींत धरल्याचा भास देणारी वस्तु प्रिय व्हावी, हें मनुष्यस्वभावाला धरूनच आहे.

ह्या नादाचा कैवार घेणारे तीन मुद्दे मांडतात. पहिला असा कीं, पैसा स्वकष्टार्जित आहे. दुसऱ्यास विचारण्याचा अधिकार काय? कायद्यापुरतें हें उत्तर पुरें आहे. पण घड्याळ चारचौघांत दिसतें, आणि दिसलें कीं तें कोठून आलें हा प्रश्न निघतो. २०१६ सालीं कर्नाटकाचे मुख्यमंत्री असतांना सिद्धरामय्या (हे पूर्वी म्हैसूरांत वकिली करीत) ह्यांच्या हातांतील हुब्लो घड्याळावरून एवढें वादळ उठलें कीं, मित्राची भेट म्हणून मिळालेलें तें घड्याळ त्यांनीं सरकारजमा केलें. मार्च २०२४ मध्यें पेरू देशाच्या तत्कालीन अध्यक्षा दिना बोलुआर्ते, ह्याही मूळच्या वकीलच, ह्यांच्या घरांत रोलेक्स घड्याळांच्या शोधार्थ पोलीस दरवाजा फोडून शिरले. ह्या व्यक्तींच्या दोषादोषाशीं आम्हांस कर्तव्य नाहीं. ज्याचा धंदा विश्वासावर चालतो त्याच्या अंगावरची वस्तु त्याच्या इच्छेविरुद्धही साक्ष देते, एवढेंच त्यांवरून घ्यावयाचें. जमिनीच्या वादासाठीं खेड्यांतून आलेला पक्षकार तें घड्याळ पाहून, ह्यांत माझ्या शेताचा वांटा किती, असा हिशेब करूं लागला, तर 'तुला विचारण्याचा अधिकार काय' हें उत्तर त्याला कोणत्या तोंडानें द्यावें?

दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे: संग्राहक नसते तर ही कला मेली असती. ह्यांत तथ्य आहे, आणि त्याचें उत्तम उदाहरण एका बॅरिस्टराचेंच आहे. इंग्लंडांतील सर डेव्हिड लायोनेल सॅलोमन्स (१८५१–१९२५) हे शिक्षणानें बॅरिस्टर, पण मन विजेच्या व यंत्रांच्या प्रयोगांत रमलेलें. पॅरिसच्या अब्राहम-लुई ब्रेगे ह्या थोर घड्याळजीचीं शंभराहून अधिक घड्याळें त्यांनीं जमविलीं, त्यांचा कसून अभ्यास केला आणि १९२१ सालीं ब्रेगेवर ग्रंथ लिहिला. त्या संग्रहांत १६० क्रमांकाचें तें प्रसिद्ध घड्याळ होतें. राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठीं म्हणून तें १७८३ सालीं सांगण्यांत आलें. १७९३ सालीं राणीचा शिरच्छेद झाला. १८२३ सालीं खुद्द ब्रेगे वारला. आणि १८२७ सालीं तें पुरें झालें. सॅलोमन्स ह्यांच्या कन्या व्हेरा ह्यांनीं जेरुसलेम येथें इस्लामी कलेचें संग्रहालय स्थापिलें आणि वडिलांचीं घड्याळें तेथें लोकांसाठीं ठेवण्यांत आलीं. १९८३ सालीं तीं चोरीस गेलीं. चोरानें त्यांतील बहुतेक वीसेक वर्षें निरनिराळ्या देशांतील तिजोऱ्यांत दडवून ठेवलीं; तो मेल्यानंतर, २००६ ते २००८ ह्या काळांत, तीं परत मिळालीं. तीच घड्याळें सॅलोमन्स ह्यांच्याजवळ होतीं आणि तींच चोराजवळ होतीं. दोघांत कायदेशीर मालकीचा फरक तर खराच. पण दुसराही एक फरक आहे. एकाजवळ असतांना त्यांच्यामुळें जगाच्या ज्ञानांत भर पडली, दुसऱ्याजवळ असतांना तीं जगाला नसल्यासारखींच झालीं. कारखान्यांत लावलेला पातळ पापुद्राही न काढतां जो धनिक घड्याळ बँकेच्या तिजोरींत टाकतो आणि भाव चढण्याची वाट पाहतो, तो ह्या दुसऱ्या बाबतींत दोघांपैकीं कोणाच्या अधिक जवळ आहे, हें त्याचें त्यानेंच ठरवावें.

तिसरा मुद्दा सर्वांत मोहक आहे. जिनीव्हाची पातेक फिलिप कंपनी १९९६ पासून आपल्या जाहिरातींतून असें सुचवीत आली आहे कीं, तिचें घड्याळ घेणारा त्याचा मालक होत नाहीं, पुढच्या पिढीसाठीं तें केवळ सांभाळतो. संग्राहक ही कल्पना आवडीनें उचलतात: आम्ही मालक नव्हे, विश्वस्त आहों! हा शब्द वापरतांना निदान वकिलानें तरी जपावें. १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याप्रमाणें विश्वस्तानें न्यासाच्या मालमत्तेचा उपयोग स्वतःच्या फायद्यासाठीं करतां कामा नये. मिरविण्याचें सुख विश्वस्ताचें, भाववाढीचा लाभ विश्वस्ताचा, आणि हितग्राही कोण, तर त्याचाच मुलगा. अशा व्यवस्थेस कोणतें न्यायालय न्यास म्हणेल? ही साधी वारसाहक्काची मालकी आहे. तिला तिच्याच नांवानें हांक मारावी. त्यांत कमीपणा कांहींच नाहीं.

विश्वस्तपणाचा खरा अर्थ सांगणारा बॅरिस्टर आपल्याच देशांत होऊन गेला. १८९१ सालीं बॅरिस्टर झालेल्या मोहनदास करमचंद गांधींनीं पुढें धंदा सोडला, कोट सोडला, पण घड्याळ सोडलें नाहीं. कमरेला लटकणारें घड्याळ त्यांच्या अत्यल्प सामानांत अखेरपर्यंत राहिलें. संपत्ति ज्याच्या हातीं असेल त्यानें ती समाजाची ठेव समजावी, हें त्यांचें मत प्रसिद्धच आहे. वेळेच्या बाबतींतही त्यांचें वागणें ह्याच तत्त्वावर चालत असे. मार्च २००९ मध्यें त्यांचें झेनिथ कंपनीचें घड्याळ, चष्मा, वहाणा आणि जेवणाचीं भांडीं ह्यांसह, न्यूयॉर्क येथें घड्याळांच्याच एका लिलांवगृहांत विक्रीस आलें, आणि विजय मल्ल्या ह्या मद्याच्या कारखानदारानें तो संच १८ लाख डॉलरांस घेतला. धन्याच्या निरिच्छपणामुळेंच त्या वस्तूंना एवढी किंमत आली होती. निरिच्छपणाचीं चिन्हें विकत घेतां येतात. तो गुण मात्र त्यांच्याबरोबर येत नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. वकिलाजवळ विश्वस्त म्हणून खरोखर काय ठेवलेलें असतें? पक्षकाराचे कागद, त्याचीं गुपितें, त्याचा पैसा. आणि ह्या सर्वांहून अधिक त्याचा काळ. आपल्या देशांतील न्यायालयांत तुंबलेल्या खटल्यांची संख्या २०२३ सालीं पांच कोटींच्या वर गेली. २०२२ च्या अखेरीस तुरुंगांतील दर चार माणसांपैकीं तिघे निकालाची वाट पाहणारे कच्चे कैदी होते. ह्या स्थितीचा सगळा भार वकिलांवर टाकणें अन्यायाचें होईल. न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा, खुद्द सरकारची खटलेबाजी, कामकाजाची संथ रीत हीं कारणें मोठीं आहेत. तथापि जो भाग वकिलाच्या हातीं आहे तोही लहान नाहीं. दाव्याच्या सुनावणींत एका पक्षास तीनपेक्षां अधिक तहकुबी देऊं नयेत, असें दिवाणी प्रक्रिया संहितेंत स्पष्ट लिहिलेलें असतांही तारखेवर तारीख पडत राहते, आणि कित्येकदां ती कोणा वकिलाच्या सोयीसाठीं मागितलेली असते. घड्याळ दिवसाला दहा सेकंद पुढें जाऊं लागलें म्हणून तें दुरुस्तीस थेट स्वित्झर्लंडला पाठविणारा माणूस, पक्षकाराच्या आयुष्यांतील सहा महिने एका ओळीच्या अर्जावर सोडून देऊं शकतो. ह्या विसंगतीला आम्ही दोष म्हणतों. घड्याळ घेण्यांत दोष नाहीं. काळाच्या मापाची एवढी पूजा आणि काळाची एवढी उपेक्षा एकाच हातून होणें, ह्यांत दोष आहे.

कोणी म्हणेल, ही विसंगति एकट्या वकिलांचीच काय? विद्वानांच्या कपाटांतही पानें न फाडलेले ग्रंथ असतात, आणि देवाला सोन्याचा मुकुट घालणाऱ्याच्या दारांतून याचक विन्मुख जातो. हें सर्व कबूल आहे. परंतु ग्रंथ न वाचल्यानें बहुधा विद्वानाचेंच नुकसान होतें. वकिलाच्या बेपर्वाईचें मोल दुसरा भरतो. वकील स्वतःला न्यायालयाचा अधिकारी म्हणवितो. तो मान घेतल्यावर सामान्य दुकानदाराचें माप त्याला लावून भागणार नाहीं.

मुंबईच्या उच्च न्यायालयाच्या शेजारीं राजाबाई मनोरा उभा आहे. प्रेमचंद रायचंद ह्या दलालानें दिलेल्या पैशांतून तो १८७८ सालीं पुरा झाला व त्याला त्याच्या आईचें नांव मिळालें. १८६५ च्या शेअरांच्या पडझडींत त्या दात्याचें वैभव ओसरलें. त्याचें घड्याळ मात्र राहिलें. तें कोणाच्याच मनगटावर नाहीं, म्हणून तें सर्वांचें आहे. झगा सांवरीत निघालेल्या वकिलाला आणि फाटकापाशीं उभ्या असलेल्या पक्षकाराला तें एकच वेळ सांगतें. संग्राहकानें आपलीं घड्याळें टाकून द्यावींत असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांतील विद्या त्यानें लिहावी, शिकवावी, चारचौघांस दाखवावी. आणि तारीख मागावयास उभें राहतांना, त्या दिवशीं हातावर जें घड्याळ असेल त्याच्याकडे पाहून, आपण जो वेळ मागत आहों तो कोणाचा, एवढें मनाशीं विचारावें. ह्या प्रश्नाचें उत्तर जो रोज प्रामाणिकपणें देईल, त्याच्या संग्रहीं किती घड्याळें आहेत हें मोजण्याची कोणास गरज वाटणार नाहीं.