भिंतीएवढा पडदा, दहा फुटांचा हॉल

दोन वर्षांपूर्वी पाडव्याला आमच्या शेजारी 98 इंची टीव्ही आला. कोथरूडमधली आमची सोसायटी नव्वदच्या दशकातली, लिफ्ट सहा माणसांची. खोकं टेम्पोतून उतरलं तेव्हाच कळलं की ते लिफ्टमध्ये जाणार नाही. लांबी आठ फूट, उंची पाच फूट, आणि आडवं झोपवायचं नाही, उभंच न्यायचं, नाहीतर काच दगा देते. चार पोरांनी ते जिन्याने तिसऱ्या मजल्यावर चढवलं. प्रत्येक वळणावर खोकं कठड्याच्या वर उचलून धरायचं आणि खालच्याने ‘कोपरा सांभाळ, कोपरा’ म्हणत राहायचं. पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात जिन्यातल्या प्रत्येक दारातून एकच प्रश्न ऐकू आला: एवढा मोठा कशाला?

मला हा प्रश्न हेव्याचा वाटला नाही आणि अजून वाटत नाही. शेजाऱ्यांचा पैसा, शेजाऱ्यांची भिंत, त्यांनी काय लावावं हे ठरवणारे आपण कोण, हे खरंच आहे. पण आता हा प्रश्न सगळ्यांच्याच दारात येणार. मोठ्या पडद्यांच्या किमती झपाट्याने उतरल्या आहेत, सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला आहे आणि कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर भागात पुनर्विकासात गेलेल्या अनेक इमारतींच्या नव्या नकाशांत हॉलची एक भिंत ‘टीव्ही वॉल’ म्हणून आधीच आखलेली असते. तेव्हा विचार करायचा तर तो आत्ताच केलेला बरा.

आधी मापांकडे बघू, कारण मापं मोठ्या पडद्याच्या विरोधात आहेत अशी माझीही समजूत होती. मी टेप घेऊन बसले आणि ती समजूत निम्मी खोटी ठरली. 98 इंची पडदा रुंदीला 217 सेंटिमीटर आणि उंचीला 122. चित्रपटगृहाच्या मांडणीत पडद्याने नजरेचा साधारण 30 ते 40 अंशांचा भाग व्यापावा असं मानतात. आमचा हॉल दहा बाय सोळा. सोफ्याची खोली वजा केली तर समोरच्या भिंतीपासून डोळे आठ फुटांवर येतात. तिथून 55 इंची पडदा 28 अंश व्यापतो, म्हणजे थोडा कमीच. 65 इंची 33 अंश व्यापतो, अगदी नेमका. 98 इंची मात्र 48 अंश होतो, आणि ती टॉकीजमधली पुढून तिसरी-चौथी रांग झाली. तोच पडदा सोळा फुटांच्या दिशेने लावला तर जवळपास 30 अंशांत बसतो. पण पुण्यातल्या फ्लॅटमध्ये त्या दिशेला एका टोकाला बाल्कनीचं दार असतं आणि दुसऱ्या टोकाला जेवणाचं टेबल. त्यामुळे टीव्ही येतो तो आखूड अंतराच्या भिंतीवरच.

डोळे बिघडतील ही भीती मी बाजूला ठेवते. वीजबिलही एसीच्या मानाने काही नाही. चित्राचा प्रश्न मात्र खरा आहे. आठ फुटांवरून 4के चित्रातले ठिपके डोळ्याला वेगळे दिसत नाहीत, चित्र सुबक दिसतं. पण घरात दिवसभर 4के लागत नाही. मालिका लागतात, बातम्या लागतात, यूट्यूबवरची जुनी नाटकं लागतात, आणि मूळ चित्रात जे नाही ते मोठ्या पडद्यावर कुठून येणार? चेहऱ्यांच्या कडा विरघळल्यासारख्या होतात आणि थोड्या वेळाने ते जाणवायचंही बंद होतं. मला त्या जाणवायचं बंद होण्याचं जास्त वाईट वाटतं.

पडद्यांच्या मापांचे हे आकडे येतात तरी कुठून? माझी बरीच वर्षं पुस्तकांच्या छपाईत गेली, म्हणून मला हा भाग ओळखीचा वाटला. पुस्तक डेमी आकाराचं निघणार की क्राउन, हे कागदाच्या तावावरून ठरतं. ताव कापताना कमीत कमी कात्रण वाया जावं, हा पहिला हिशोब. टीव्हीच्या काचेचंही तसंच. चीनमध्ये 2018च्या सुमारास जे नवे अवाढव्य कारखाने सुरू झाले, त्यांतला काचेचा एक ताव 2940 बाय 3370 मिलिमीटरचा असतो. त्यातून 65 इंचाचे आठ पडदे निघतात किंवा 75 इंचाचे सहा. आपल्या हॉलची लांबीरुंदी त्या हिशोबात कुठेच येत नाही. फरक असा की डेमी आकार पुढे वाचणाऱ्याच्या हातात टिकला, कारण तो हातात मावत होता. हाताला न मावणारं पुस्तक छापखान्याला कितीही स्वस्त पडलं तरी कपाटातच राहतं. पडद्याच्या बाबतीत ही हाताची कसोटी कोणती, हे मी शोधत होते.

ती मला आमच्या जुन्या वाड्यात सापडली. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972ला सुरू झालं आणि 1973मध्ये सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे मुंबईचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. पेठांमधल्या कौलांवर जे अँटेना उभे राहिले, त्या सगळ्यांची तोंडं नैर्ऋत्येला, गडाकडे. वारा सुटला की कोणीतरी माळ्यावर चढायचं आणि खालून ‘आलं, आलं, गेलं’ असं ओरडायचं. आमच्या वाड्यात टीव्ही मालकांकडे होता. वीस इंची, चार पायांवरचा, लाकडी पेटीतला. शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी. पस्तीस-चाळीस माणसं त्या माजघरात बसायची आणि पडदा होता जेमतेम सव्वा फूट रुंद.

या आठवणीचे गोडवे मला गायचे नाहीत. ते दिवस मालकांच्या सुनेला विचारायला हवे होते. शनिवार-रविवार तिचं जेवण रात्री साडेनऊच्या पुढे जायचं, परक्या पोरांच्या पायांचे ठसे तिलाच पुसायला लागायचे. सगळ्यांना आत प्रवेश होता असंही नाही. मागच्या आळीतली दोन मुलं उंबऱ्यापाशी उभी राहून बघायची आणि त्यांना कोणी आत ये म्हटलेलं मला आठवत नाही.

त्यातली मला हवी आहे ती एकच गोष्ट. त्या पेटीला सरकती लाकडी दारं होती. चित्रपट संपला की मालक ती ओढून घ्यायचे, कुलूप लावायचे आणि वर क्रोशाचं झाकण टाकायचे. पाच मिनिटांत सतरंज्या गुंडाळल्या जायच्या, गाद्या पडायच्या आणि त्या खोलीचं पुन्हा माजघर व्हायचं. बाजूच्या कोपऱ्यात आजींचं जपमाळेचं आसन होतं, ते तिथेच असायचं. टीव्ही आला की घर त्याचं व्हायचं आणि तो मिटला की घर घराला परत मिळायचं. मला वाटतं पडद्याच्या मापाची कसोटी हीच आहे. बंद असताना तो खोलीला किती परत देतो?

आपल्या मध्यमवर्गीय हॉलवर कामं किती असतात ते एकदा मोजून पाहावं. पाहुणे तिथेच झोपतात. मुलगा दहावीला असला की रात्री तिथेच अभ्यास करतो. चैत्रातलं हळदीकुंकू तिथे, बारसं तिथे, मुलगी बघायला माणसं आली तर ती तिथे. घरातलं कोणी गेलं तर फर्निचर सरकवून त्यालाही तिथेच ठेवायचं. मोठ्या बंगल्यात दहा खोल्या दहा कामं करतात. आमची एक खोली दहाही कामं करते आणि म्हणून तिच्या भिंती मोकळ्या लागतात. अडीच चौरस मीटरहून मोठी काळी काच भिंतीवर कायमची बसली की ती भिंत बाकीच्या नऊ कामांना उपलब्ध राहत नाही. सगळी आसनं तिच्याकडे तोंड करून लागतात आणि चार माणसं बोलायला बसली तरी एका ओळीत बसतात.

शेजाऱ्यांकडे गणपतीत हे मी पाहिलं. त्यांचं मखर वर्षानुवर्षं त्याच भिंतीशी लागायचं. टीव्ही आल्यावर ते जेवणाच्या टेबलाच्या बाजूला, फ्रिजशेजारी गेलं. आरतीला आम्ही वीस-बावीस जण उभे होतो, सगळ्यांची पाठ टीव्हीकडे. मंत्रपुष्पांजली संपून प्रदक्षिणा घालायला वळलो तर त्या बंद काचेत निरांजनाची ज्योत आणि आम्ही सगळे काळपट उमटलो होतो. क्षणभर सगळेच तिकडे बघत राहिले. शेजारीणबाई हळूच म्हणाल्या, ‘पुढच्या वर्षी यावर पडदा शिवून घालते.’

पण शेजाऱ्यांची बाजू हलकी नाही. अलका, विजय, नीलायममध्ये रांग लावून सिनेमा पाहण्यात तरुणपण गेलेला हा माणूस. प्रभात टॉकीजचं नाव आता किबे लक्ष्मी झालं, मंगलाचं मल्टिप्लेक्स झालं. पत्नीचे दोन्ही गुडघे गेलेले. रिक्षा करून, पायऱ्या चढून अंधारात खुर्ची शोधणं तिला आता जमत नाही. ‘तिला मोठा सिनेमा बघायचाय, तिला टॉकीजला नेता येत नाही, मग टॉकीज आणलं,’ असं त्यांनी मला सरळ सांगितलं. याला माझ्याकडे उत्तर नाही.

त्यांनी एकदा आम्हाला ‘संत तुकाराम’ बघायला बोलावलं. 1936 सालचा, दामले-फत्तेलालांचा, प्रभात फिल्म कंपनीच्या ज्या आवारात तयार झाला तिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. कोथरूडहून चालत गेलं तरी पोचू इतकं जवळ. चित्र जवळपास चौकोनी, त्यामुळे पडद्याचा पाव भाग दोन्ही बाजूंना काळाच राहिला, ओरखडेही ठळक दिसत होते. तरी विष्णुपंत पागनीसांचा चेहरा जेव्हा माणसाएवढा होऊन समोर आला, तेव्हा खोलीत कोणी हललं नाही. तो परिणाम आमच्या घरच्या टीव्हीवर झाला नसता, हे मी मान्य करते. नंतर कोणीतरी बातम्या लावल्या. चर्चेतल्या निवेदकाचं डोकं अडीच फूट उंच, आणि तो ओरडत होता. समोर सोफ्यावर बसलेल्या शेजारीणबाई त्याच्यापुढे लहान दिसत होत्या. टॉकीजमध्ये एवढे मोठे चेहरे आपण तीन तास बघतो आणि आपल्या मापाच्या जगात परत येतो. घरात ते रोज संध्याकाळी सात वाजता येऊन बसले, तर घरातल्या माणसाचा आवाज आणि आकार दोन्ही त्यांच्यापुढे कमी पडतात. मला हे घरासाठी चांगलं वाटत नाही.

हे सगळं मी ठाम मनाने लिहिलं असतं, पण मध्ये आईचे डोळे आले. ती 84 वर्षांची आहे. दृष्टिपटलाच्या मधल्या भागाची झीज झाली आहे, कडेचं दिसतं पण समोरचं पुसट होतं. अक्षर मोठं असेल तर वाचता येतं. मालिका संपली की खालून वर जाणारी नावं वाचायची तिची जुनी सवय. वेशभूषा कोणाची, ध्वनी कोणाचा, आडनाव ओळखीचं निघालं तर त्यांचं गाव कोणतं. वर्षभर तिने ती नावं वाचणं सोडलं होतं आणि आमच्या कोणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. शेजाऱ्यांकडे बसली असताना ती अचानक मोठ्याने नावं वाचायला लागली. घरी आल्यावर माझा मुलगा म्हणाला, ‘आई, आपणही घेऊ तसला.’

मी पुन्हा टेप काढली. आमचा टीव्ही 43 इंची. आठ फुटांवरून 98 इंच जेवढे दिसतात, तेवढेच 43 इंच साडेतीन फुटांवरून दिसतात. आईची खुर्ची साडेतीन फुटांवर नेली. तिला दिसू लागलं, पण तिसऱ्या दिवशी ती खुर्ची मागे घेऊन बसली. कारण विचारलं तर म्हणाली, ‘पुढे एकटीच बसते मी. तुम्ही सगळे मागे. हसलात तर कशाला हसलात ते कळत नाही.’ मोठ्या पडद्याच्या बाजूने मी ऐकलेला सगळ्यात खरा मुद्दा हा आहे: तो अधू नजरेच्या माणसाला इतरांच्या रांगेत बसवतो. आमच्या घराला दुसरा मार्ग नसता तर मी भिंत देऊन टाकली असती.

मार्ग निघाला तो सतरंजीचा. आता संध्याकाळी साडेसातला तिची वेताची खुर्ची पुढे येते आणि आम्हीही पुढे येतो. मुलगा खाली सतरंजीवर, सूनबाई उशी घेऊन त्याच्याशेजारी, मी आईच्या खुर्चीला टेकून. साडेतीन-चार फुटांत चौघं जण. मागे सगळा हॉल रिकामा पडलेला असतो. साडेआठला खुर्ची परत खिडकीशी, सतरंजी कपाटाच्या वर. मुलाला अजून वाटतं की मोठा घ्यायला हवा होता आणि आईची नजर आणखी उतरली तर कदाचित तोच बरोबर ठरेल. परवा मालिका संपली, नावं सुरू झाली आणि मी सवयीने रिमोट उचलला. आईने माझा हात धरून ठेवला. ‘थांब गं, संकलन राहिलंय.’