चौकशी

'चौकशी' हा आपल्या भाषेतील मोठा विचित्र शब्द आहे. शेजारी आजारी पडला म्हणजे आपण त्याच्या घरी जाऊन प्रकृतीची चौकशी करतो. न गेलो तर "साधी चौकशीसुद्धा केली नाही" असा बोल लागतो. आणि तोच शब्द कचेरीतून आला, अमक्याची चौकशी लागली आहे असे कानी पडले, की त्या घरावर जणू सुतक येते. शेजारी जिना चढेनासे होतात. पहिल्या चौकशीत माया आहे व दुसरीत संशय, असे आपण धरून चालतो. हे दोन अर्थ खरोखरच इतके वेगळे आहेत काय, हा प्रश्न आम्हांला काही वर्षे पडत आला आहे, आणि त्याला कारण आमच्या वडोदऱ्याचे दवाखाने.

हे शहर डॉक्टरांचे आहे. १९४९ साली येथे वैद्यकीय महाविद्यालय निघाले, त्याला जोडून सयाजी रुग्णालय आहे, आणि खाजगी दवाखाने तर गल्लोगल्ली. आमच्या मराठी मंडळीत असे घर विरळा, ज्यात कोणी परिचारिका नाही, औषधाच्या दुकानात कामाला नाही की प्रयोगशाळेत नाही. त्यामुळे एखाद्या रुग्णाच्या बाबतीत काही विपरीत घडले, तर रविवारी एकाच बाकावर रुग्णाचा मुलगा आणि त्याच वॉर्डात रात्रपाळी केलेली बहीण बसलेली असते. "डॉक्टरने मारले" असे एकजण म्हणतो. "काका, असे बोलू नका" असे दुसरी म्हणते. मग वडीलमंडळी दोघांनाही सांगतात की क्षमा करा आणि विषय सोडा.

आमचा मतभेद येथेच आहे.

प्रथम व्यवस्था काय आहे ते पाहू. डॉक्टरच्या वर्तनाविषयीची तक्रार आपल्या राज्यात गुजरात मेडिकल कौन्सिलकडे, म्हणजे अहमदाबादला जाते. कौन्सिल कोणाला तुरुंगात टाकू शकत नाही आणि नुकसानभरपाईही देववू शकत नाही. ती कामे न्यायालयांची व ग्राहक आयोगांची. ती ताकीद देऊ शकते, किंवा डॉक्टरचे नाव नोंदवहीतून काही काळापुरते अथवा कायमचे काढू शकते. ज्या नियमांवर हे चालते ते २००२ सालचे आहेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम जाहीर झाले, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले व जुन्यांवरच काम पुन्हा सुरू झाले. ह्या नियमांत तक्रारीचा निकाल सहा महिन्यांत लावावा असे म्हटले आहे, आणि डॉक्टरला आपले म्हणणे स्वतः किंवा वकिलामार्फत मांडण्याची संधी दिली आहे. रुग्णाने वा त्याच्या माणसाने मागितल्यास कागदपत्रे ७२ तासांत द्यावीत, असेही आहे. वाचकांनी हे शेवटचे ध्यानात ठेवावे. अर्ज लेखी करावा आणि पोच घ्यावी.

परंतु चौकशी करतो कोण? आपल्याकडे बहुधा कौन्सिलचे सभासद डॉक्टरच आपापला व्यवसाय सांभाळून हे काम करतात. इंग्लंडात निराळी रीत आहे. तेथील जनरल मेडिकल कौन्सिल १८५८ च्या कायद्याने स्थापन झाली, आणि आज तिच्याकडे ह्याच कामासाठी पगारी माणसे आहेत. कागद गोळा करणे, साक्षीदारांना भेटणे, जबान्या लिहून घेणे हे त्यांचे काम. जमवलेले मग दोघेजण तपासतात, त्यांपैकी एक डॉक्टर असतो व एक नसतो. आणि प्रकरण सुनावणीला गेलेच तर २०१२ पासून त्यासाठी वेगळे न्यायमंडळ आहे. म्हणजे जो विचारतो तो ठरवत नाही. तो फक्त विचारतो.

ही गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते, कारण आपल्यापैकी पुष्कळांची समजूत अशी की चौकशी करणे म्हणजेच न्याय करणे, आणि दुसऱ्याचा न्याय करू नये असे तर प्रभूनेच डोंगरावरील प्रवचनात शिकविले. पण उत्पत्तीचा अठरावा अध्याय काढून पाहावा. सदोमाविषयीचा आक्रोश देवाच्या कानी आला आहे. त्याने तेथल्या तेथे अग्नी पाठविला नाही. आपण खाली जाऊ, जे ऐकले तसेच घडले आहे काय ते पाहू, असे तो ठरवितो. सर्वज्ञाला खाली उतरण्याची काय गरज होती? शब्बाथ शाळेत एका मुलाने हे विचारले होते, आणि प्रश्न चांगला आहे. आम्हांला वाटते, ते उतरणे त्याच्यासाठी नव्हते. पुढे ज्यांच्या हाती कागद येणार होते त्यांच्यासाठी होते. निकदेमानेही सभेत एवढेच म्हटले होते की माणसाचे ऐकून घेतल्यावाचून आपले नियमशास्त्र त्याला दोषी ठरवीत नाही. तेवढ्यावरून त्याला टोमणे खावे लागले.

तेव्हा चौकशी करणारा न्याय करीत नाही. न्याय करण्याची घाई तो रोखून धरतो, स्वतःची आणि दुसऱ्यांची. हे काम दिसते त्यापेक्षा कठीण आहे, कारण त्याच्यासमोर दोन दुःखे येतात आणि दोन्ही खरी असतात.

पुण्याचा एक जुना खटला आहे. १९५३ च्या मे महिन्यात वीस वर्षांच्या एका तरुणाचा पाय रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर मोडला. वडील स्वतः दौंडला डॉक्टर. मोटारीने तासन्‌तास प्रवास करून मुलाला पुण्यास आणले, शस्त्रवैद्याच्या स्वाधीन केले, आणि त्याच रात्री मुलगा गेला. पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसविले व त्या धक्क्याने मृत्यू ओढवला, असे न्यायालयांनी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६८ साली लागला. भरपाई तीन हजार रुपये. पंधरा वर्षे झगडणाऱ्या त्या बापाला तीन हजार रुपये हवे होते, असे कोणी म्हणेल काय? आपल्या मुलाचे त्या खोलीत काय झाले, हे कोणीतरी अधिकाराने, लेखी, सांगावे एवढे त्याला हवे असावे असे आमचे अनुमान आहे. जे बाप स्वतः डॉक्टर नाहीत, ज्यांना केसपेपर वाचता येत नाही, त्यांनी काय करावे?

आता दुसरे दुःख. इंग्लंडच्या त्याच कौन्सिलने २०१४ साली आपल्याच कामाचा एक अहवाल प्रसिद्ध केला. २००५ ते २०१३ ह्या काळात चौकशी चालू असता २८ डॉक्टरांचा अंत आत्महत्येने, किंवा तसा संशय यावा अशा रीतीने, झाला होता. चौकशी म्हणजे शिक्षा नव्हे हे कायद्यात खरे. रात्री दोन वाजता छताकडे पाहणाऱ्या माणसाला ते खरे वाटत नाही. आणि जेथे नीट चौकशी होत नाही तेथे काय होते? २०२२ च्या मार्चमध्ये राजस्थानात, दौसा जिल्ह्यातील लालसोट येथे, एका बाळंतिणीचा रक्तस्रावाने मृत्यू झाला. दवाखान्यासमोर जमाव बसला, पोलिसांनी डॉक्टरीणबाईंवर खुनाचा गुन्हा नोंदविला, आणि दुसऱ्याच दिवशी त्या बाईंनी आपले जीवन संपविले. बाळंतीण गेली, डॉक्टरीणही गेली, आणि कोणीही कोणाला शांतपणे काही विचारलेले नव्हते.

चौकशीची खुर्ची रिकामी राहिली तर ती रिकामी राहत नाही, तिच्यावर जमाव येऊन बसतो. २०१० साली हेही दिसले की खुर्चीवर बसणाराच संशयात सापडू शकतो: एप्रिलमध्ये भारतीय वैद्यक परिषदेच्या तेव्हाच्या अध्यक्षांना लाचेच्या आरोपाखाली अटक झाली, आणि मे महिन्यात सरकारने परिषदच बरखास्त केली. २०१९ च्या कायद्याने तिच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. त्या कायद्याच्या तिसाव्या कलमात राज्य कौन्सिलविरुद्ध अपील करण्याचा हक्क डॉक्टरला लिहून दिला आहे. रुग्णाचे नाव त्या वाक्यात नाही. कायदा लिहिणाऱ्यांना तो माणूस आठवलाच नाही, ही गोष्ट आम्हांस बोचते.

पण आमच्या जिल्ह्यातील एक प्रकरण ह्या सर्वांपेक्षा अधिक शिकवून जाते. २००९ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीचा एक प्रकल्प दोन ठिकाणी सुरू झाला: आंध्रात खम्मम जिल्ह्यात, आणि येथे वडोदरा जिल्ह्यात डभोई, शिनोर व कवांट तालुक्यांत. (कवांट २०१३ पासून छोटाउदेपूर जिल्ह्यात आहे.) पाथ नावाची अमेरिकन संस्था, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व राज्य सरकारे त्यात होती. दहा ते चौदा वर्षांच्या हजारो मुलींना, पुष्कळशा आदिवासी मुलींना, सुया टोचल्या. सात मुलींच्या मृत्यूची वार्ता आली, त्यांतील दोघी गुजरातच्या. २०१० च्या एप्रिलमध्ये प्रकल्प थांबला आणि चौकशी समिती नेमली गेली.

समितीने म्हटले की ते मृत्यू लशीमुळे झालेले दिसत नाहीत. हे म्हणणे मानायला हरकत नाही. ही लस आज अनेक देशांत दिली जाते, आणि तिने पुष्कळ स्त्रियांचे प्राण वाचणार आहेत. पुष्कळांनी वर्तमानपत्र तेथेच मिटले. पण जे संमतीचे कागद उघडून पाहिले गेले, त्यांत काय निघाले? आंध्रातील शेकडो कागदांवर आईबापांच्या जागी वसतिगृहाच्या गृहपालाची वा मुख्याध्यापकाची सही. आमच्या बाजूच्या पुष्कळ कागदांवर अंगठ्याचे ठसे. ठसा देणाऱ्या आईला वर काय लिहिले आहे ते कोणी वाचून दाखविले होते काय, तिच्या बोलीत सांगितले होते काय? २०१३ च्या ऑगस्टमध्ये संसदीय समितीने ह्या कारभारावर कडक ताशेरे ओढले.

येथे चौकशी करणाऱ्याची कसोटी लागते. "लशीने मृत्यू झाला काय?" एवढाच प्रश्न घेऊन तो निघाला असता, तर 'नाही' हे खरे उत्तर घेऊन परत आला असता आणि एक मोठा अन्याय त्याच्या नजरेतून निसटला असता. उलट, "ह्यांनी मुली मारल्या" असे मनाशी ठरवून निघाला असता तर त्याने निरपराधांवर रक्ताचा आरोप ठेवला असता. कोणावरही खुनाचा डाग नसताना अपराध असू शकतो, आणि तो ठशाच्या त्या निळ्या शाईत असू शकतो. हे दिसण्यासाठी कवांटच्या त्या आईपाशी जाऊन, तिची विचारपूस करून, मग विचारावे लागते. आमचे म्हणणे एवढेच की दुसऱ्या चौकशीत पहिली चौकशी नसेल, तर दुसरी नीट होतच नाही.

आणि चौकशी करणारा कितीही चांगला असला तरी त्याला कोणीतरी खरे सांगावे लागते. २००२ च्या नियमांत एक कलम असे आहे की व्यवसायबंधूचे अनैतिक किंवा भ्रष्ट वर्तन डॉक्टरने भीड वा भय न धरता उघड करावे. लिहिणे सोपे. आपण तर लहानपणापासून मुलांना शिकवितो की चहाडी वाईट. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना आमची विनंती आहे की चहाडी आणि साक्ष ह्यांतील अंतर मुलांना एकदा नीट सांगावे. चहाडी पाठीमागे होते, कोणाची तरी मर्जी मिळविण्यासाठी. साक्ष देणारा आपले नाव लिहितो, आणि उलट प्रश्न विचारले जाईपर्यंत तेथेच उभा राहतो.

आमच्या माहितीतील एका परिचारिका भगिनीवर असा प्रसंग आला. दवाखान्याचे नाव येथे नको. एका वृद्ध रुग्णाच्या मृत्यूविषयी तक्रार झाली होती आणि त्या रात्री ती पाळीवर होती. तिने आम्हांला विचारले, "भाऊ, खरे लिहिले तर नोकरीवर येईल. नाही लिहिले तर मी प्रभुभोजनाला कशी येऊ?" आम्ही म्हटले, "बाई, जे डोळ्यांनी पाहिले तेच लिहा. कानांनी ऐकले ते ऐकले म्हणून लिहा. आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे लिहा." तिने दीड पान लिहिले. डॉक्टरांना पहिला फोन किती वाजता केला आणि ते किती वाजता आले, हे तिने लिहिले. ते अंतर मोठे होते. त्याच पानावर तिने हेही लिहिले की आल्यावर डॉक्टर पहाटेपर्यंत खाटेपाशीच होते आणि त्यांनी पाणीसुद्धा घेतले नाही. दोन ठिकाणी 'मला माहीत नाही' होते.

पहिल्या वाक्याने दवाखाना नाराज झाला आणि दुसऱ्याने रुग्णाचे कुटुंब. तिची पाळी बदलली गेली. कुटुंबातील मंडळी काही महिने देवळात तिच्या बाजूला बसत नसत. गेल्या नाताळाच्या सुमारास त्या वृद्धाच्या सुनेने तिला बाहेर पायरीवर गाठले आणि विचारले, "ताई, ते शेवटी काही बोलले होते का?" ती म्हणाली, "हो, पाणी मागितले होते, आणि मी दिले." मग दोघी बराच वेळ तेथे उभ्या होत्या. तक्रारीचा निकाल अद्याप लागलेला नाही.