देण्याचं माप, घेण्याचं माप

सप्टेंबर 2023 मध्ये आयफोन 15 प्रो बाजारात आला तेव्हा त्याची अमेरिकेतली किंमत होती 999 डॉलर आणि भारतातली 1,34,900 रुपये. डॉलर त्या दिवसांत 83 रुपयांच्या आसपास होता. साधा गुणाकार केला तर 83 हजार होतात. मग वरचे 52 हजार कशाचे? पूर्वनोंदणी सुरू झाली त्या आठवड्यात हा गुणाकार पुष्कळ घरांत झाला असेल. आमच्या इंदूरचा माणूस तर दाराशी आलेल्या भाजीचाही भाव मंडीच्या भावाशी ताडून बघतो, तो इथे थोडाच गप्प बसणार!

यातला बराचसा हिशोब लागतो. प्रो फोन तेव्हा बाहेरून येत होता. त्यावर 20 टक्के आयात शुल्क, वर अधिभार आणि मग 18 टक्के जीएसटी. अमेरिकेतल्या 999 मध्ये तिथल्या राज्यांचा विक्रीकर धरलेला नसतो, तो दुकानात वेगळा द्यावा लागतो. हे सगळं अगदी पूर्ण किमतीवर लावलं तरी आकडा 1,19,000 च्या पुढे फारसा जात नाही. त्याच दिवशी साधा आयफोन 15, जो भारतातही जोडला जात होता, अमेरिकेत 799 डॉलरला आणि इथे 79,900 रुपयांना होता. गुणाकार करून त्यात जीएसटी मिळवला की 78 हजार होतात, म्हणजे फरक जवळजवळ मिटतो. प्रोच्या बाबतीत मात्र पंधरा हजार उरतात. ते वाहतुकीचे, दुकानदाराचे, नफ्याचे, की उद्या रुपया घसरेल या भीतीचे, हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही.

माझा प्रश्न या पंधरा हजारांच्याही पुढचा आहे. समजा, दोन्ही किमती गुणाकाराने तंतोतंत जुळल्या असत्या, तर ती किंमत न्याय्य म्हणता आली असती का?

दशलक्षण पर्वात मंदिरात तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय दहा दिवसांत वाचले जातात. सातव्या दिवशी व्रतांचा अध्याय येतो. त्यात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. अतिचार म्हणजे व्रत पुरतं मोडणं नव्हे, त्याला तडा जाणं. चोरीला उत्तेजन देणं, चोरीचा माल घेणं, विरुद्धराज्यातिक्रम, हीनाधिकमानोन्मान आणि भेसळीचा व्यवहार असे ते पाच. लहानपणी हे पाठ करताना वाटायचं, हा सगळा वाण्याच्या दुकानाचा मामला, आपल्याला काय त्याचं! आता वाटतं की आचार्य उमास्वामींनी बाजार फार जवळून पाहिला असावा.

हीनाधिकमानोन्मान हा शब्द अवघड, पण अर्थ सोपा आहे. मान म्हणजे धान्य मापायचं भांडं, उन्मान म्हणजे तराजूतली वजनं. पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत याचा खुलासा केला आहे, तो असा की दुसऱ्याला देताना लहान मापाने द्यायचं आणि स्वतःसाठी घेताना मोठ्या मापाने घ्यायचं, हे कपट. माप केवढं असावं, हे मात्र ते सांगत नाहीत. ते सांगताही आलं नसतं. जुन्या काळी प्रत्येक मुलखाचा शेर वेगळा, पायली वेगळी. शेर लहान असणं हा दोष नव्हता. दुकानात दोन शेर ठेवणं हा दोष होता.

विनिमय दर हेही एक मापच आहे. माळव्याला हे नवं नाही. होळकरांच्या काळात इंदूरच्या टांकसाळीचा सूर्यमुखाचा रुपया होता, चांदवडचा चांदवडी होता, पुण्याकडचा अंकुशी होता. एका गावचा रुपया दुसऱ्या गावात चालवायचा तर सराफ चांदी पाहून, झीज पाहून बट्टा कापायचा. परगावी पैसे पाठवायचे तर हुंडी, आणि हुंडीवर हुंडणावळ. यात अधर्म काहीच नाही. सराफ जोखीम घेतो, त्याची पारख आहे, त्याचं मोल त्याने घ्यावं. पण झिजलेला रुपया घेताना बट्टा कापायचा आणि तोच रुपया दुसऱ्या अडाण्याच्या हातात पुऱ्या भावाने ठेवायचा, की तिथे दोन शेर झाले. ‘नावाला बट्टा लागला’ असं आपण म्हणतो. नाण्याचा बट्टा शब्द माणसाच्या अब्रूपर्यंत पोचला तो उगाच नाही.

आजच्या दुकानातही दोन शेर दिसतात. डॉलर चढला की भाव त्याच महिन्यात चढतो. डॉलर उतरला की उत्तर मिळतं, “हा जुना स्टॉक आहे हो ताई.” जपानमध्ये येन घसरला तेव्हा जुलै 2022 मध्ये आयफोन 13 ची किंमत 98,800 येनवरून 1,17,800 येन झाली. फोन तोच होता, दहा महिने जुना झालेला. चलन बदललं म्हणून किंमत बदलली, हे मला समजतं. उद्या येन वधारला तर ती त्याच चपळाईने उतरेल का, एवढंच मला विचारायचं आहे.

पूर्वनोंदणीत तर हा प्रश्न आणखी नाजूक होतो, कारण तिथे पैसे आधी जातात आणि वस्तू महिन्यांनी येते. मधल्या काळात चलन हलतं. ती जोखीम कोणाची? माझ्या मुलाने जानेवारी 2022 मध्ये युरोपातल्या एका छोट्या कंपनीकडे एक वाचनयंत्र आगाऊ पैसे भरून नोंदवलं. किंमत 400 युरो, म्हणजे तेव्हाचे साधारण साडेतेहतीस हजार. वर कार्डाचं परकीय चलनाचं शुल्क. त्या वर्षी युरो इतका घसरला की वीस वर्षांत प्रथमच डॉलरच्या बरोबरीला आला. कंपनी सुटे भाग डॉलरमध्ये घेत होती. सप्टेंबरमध्ये तिचं पत्र आलं: आणखी 40 युरो भरा, नाहीतर पैसे परत घ्या. परत घ्यायचे तर तेही युरोतच, आणि रुपयाच्या मानानेही युरो उतरला होता. चारशे युरोचे आता बत्तीस हजारही होत नव्हते. कार्डाचं शुल्क तर गेलंच. कोणी काही चोरलं नाही, तरी खिसा हलका झाला.

आमच्या घरी यावर दोन दिवस वाद झाला. माझे सासरे कापडाच्या व्यापारात आयुष्य घालवलेले. त्यांचा नियम असा, की विसार घेतला म्हणजे भाव बांधला. मग सूत महाग होवो की स्वस्त, ते व्यापाऱ्याचं नशीब. भाव बांधायचा नसेल तर विसार घेताना तसं बोलावं, नंतर नाही. मुलगा म्हणाला, “आई, तीन-चार लोकांची कंपनी आहे. त्यांनी कुठला भाग किती डॉलरचा, सगळं उघड लिहिलंय. ती बुडाली तर यंत्रही नाही नि पैसेही नाहीत.” मी त्याला एवढंच म्हटलं, “विचार त्यांना, पाठवायच्या दिवसापर्यंत युरो वधारला तर हे 40 परत देणार का?” त्याने विचारलं. उत्तर नम्र होतं, पण या प्रश्नाला त्यात उत्तर नव्हतं. त्याने पैसे भरले. त्यांनी हिशोब तरी दाखवला, असं त्याचं म्हणणं. माझं मत आजही सासऱ्यांच्या बाजूचं आहे. घाटा दोघांचा आणि नफा एकाचा, हा सौदा सरळ नाही. पण हिशोब दाखवणारा छोटा माणूस आणि हिशोब न दाखवणारा मोठा माणूस यांना एकाच ओळीत उभं करणं मलाही जमत नाही.

इथवर विक्रेत्याच्या तराजूबद्दल झालं. पण अनेकान्त मानायचा तर आपलाही तराजू बघायला हवा.

आपण म्हणतो, अमेरिकेतली किंमत तीच इथली किंमत असावी. फोनच्या बाबतीत म्हणतो. पुस्तकांच्या बाबतीत म्हणतो का? डॉक्टरकी, इंजिनिअरिंगच्या विदेशी पुस्तकांच्या भारतीय आवृत्त्या आपली मुलं मूळ किमतीच्या अगदी थोड्या भागात घेतात. त्यांवर छापलेलं असतं की ही प्रत ठरावीक देशांतच विकावी. सुपाप कीर्तसेंग नावाचा थायलंडचा एक विद्यार्थी अमेरिकेत शिकत होता. त्याने घरच्यांकडून अशी स्वस्त पुस्तकं मागवून अमेरिकेत विकली. प्रकाशकाने खटला भरला. 2013 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्या विद्यार्थ्याच्या बाजूने निकाल दिला. कायदा त्याच्या बाजूने गेला, आणि माझाही पहिला कौल त्यालाच होता. पण स्वस्त प्रत अशी परत फिरून महागड्या बाजारात जाऊ लागली, तर प्रकाशक ती स्वस्त काढेल कशाला? सगळीकडे एकच किंमत झाली, तर ती इंदूरची होणार नाही, न्यूयॉर्कचीच होईल.

कारण एकच आकडा सगळ्यांना सारखा जड नसतो. अमेरिकेत केंद्राचं किमान वेतन तासाला 7.25 डॉलर आहे. त्या हिशोबाने 999 डॉलरसाठी तिथल्या सर्वांत कमी पगाराच्या माणसाला सतरा-अठरा दिवस राबावं लागतं. मध्य प्रदेशात 2023-24 साली रोजगार हमीची मजुरी दिवसाला 221 रुपये होती. त्या मजुराला 1,34,900 रुपयांसाठी 610 दिवस लागतील, तेही पोटाला एक घास न खाता. फोनची किंमत गुणाकाराने 83 हजार केली, तरी 375 दिवस उरतातच. म्हणजे विनिमय दर सोन्या-चांदीला तोलतो, माणसाच्या घामाला तोलत नाही.

इंदूरपासून जवळच असलेल्या महूत जन्मलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. घसरत्या रुपयाने निर्यातदाराला जो फायदा दिसतो तो आकाशातून पडत नाही, भाव वाढतात आणि मजुरी तेवढी वाढत नाही, त्या मजुराच्या ताटातून तो येतो, हे त्यांनी त्यात दाखवलं. आमच्या मंडीत टपोऱ्या काबुली चण्याला ‘डॉलर चना’च म्हणतात. डॉलर चढला की तो पिकवणाऱ्याला बरं वाटतं, आणि त्याच आठवड्यात बाहेरून येणाऱ्या खाद्यतेलाचा डबा त्याच्याच घरी महाग होतो. दर एकच असतो, पण तो कोणाच्या पारड्यात काय टाकतो हे वेगवेगळं.

आता तो तिसरा अतिचार, विरुद्धराज्यातिक्रम. पूज्यपादांनी त्याचाही खुलासा केला आहे, की मोलाची वस्तू दुसऱ्या राज्यातून थोडक्यात पदरात पाडायची खटपट, उचित न्याय सोडून केलेली देवघेव. दुबईहून, अमेरिकेहून येणाऱ्या भाच्या-पुतण्यांना आपण सांगतो, “येताना एक फोन घेऊन ये, खोका तिथेच टाक, सिम घालून वापरल्यासारखा आण.” यात कोणालाच काही गैर वाटत नाही. शुल्क भारी आहे, हे खरं. ते कमी करावं अशी मागणी करणं योग्य, आणि ते झालंही. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात ते 20 वरून 15 टक्क्यांवर आलं. प्रो फोनही इथे जोडले जाऊ लागले, आणि आयफोन 16 प्रो 1,19,900 रुपयांना आला. पण ज्या करातून गावाकडचा रस्ता होतो तो करही आपणच मागतो आणि तोच कर विमानतळावर चुकवतो, तेव्हा दुकानदाराच्या दोन शेरांना नावं ठेवायचा आपला अधिकार थोडा कमी होतो.

तर मग न्याय्य किंमत कोणती? जगभर एकच आकडा, हे उत्तर मला पटत नाही. ज्याला जेवढं परवडेल तेवढं उकळायचं, हेही नाही. मला वाटतं, विकणाऱ्याने तीन गोष्टी पाळल्या तर किंमत वेगळी असली तरी ती अचौर्याच्या मर्यादेत राहते. माप आधी सांगावं. ज्या मापाने वाढवलं त्याच मापाने उतरवावं. आणि फरक कशाचा आहे, हे विचारणाऱ्याला दाखवावं. यातलं काहीही अशक्य नाही. सराफाच्या गादीवर बसलेला माणूस हे तोंडी करत असे, आजच्या यंत्रांना ते क्षणात जमेल.

घेणाऱ्यासाठी मात्र यादी एवढी लांब नाही. परिग्रह-परिमाण व्रत विचारतं, हे हवंच आहे का? पंधरा हजार जास्त घेतले म्हणून आपण चिडतो, आणि उरलेल्या जवळजवळ एक लाख वीस हजारांबद्दल स्वतःला काहीच विचारत नाही. ज्या मावशी आपल्याकडे भांडी घासतात त्यांच्या महिन्याच्या पगारात शंभर रुपये वाढवताना आपण इंदूरचा भाव सांगतो, शेजारणीचा दर सांगतो. तिथे कोणी न्यूयॉर्कचं माप काढत नाही. फोन मागताना जे माप आपण हातात घेतो, तेच पगार देतानाही हातात घ्यायचं म्हटलं तर किती जणींची तयारी आहे, हे पुढच्या महिन्याच्या एक तारखेला कळेल.