बालालय
सिंगापूरच्या चायनाटाउनमध्ये, साउथ ब्रिज रोडवर, १८२७ साली स्थापन झालेले श्री मारिअम्मन मंदिर आहे. साधारण दर बारा वर्षांनी त्याचा जीर्णोद्धार होतो. त्यानंतरचा पुनःप्रतिष्ठेचा विधी, म्हणजे कुंभाभिषेक, अलीकडे फेब्रुवारी २०२३ मध्ये झाला. अशा कामात आगमांची, म्हणजे मंदिरशास्त्राच्या ग्रंथांची, रीत अशी, की गवंड्याने थापी उचलण्याआधी मूर्तीतले देवत्व मंत्रपूर्वक कलशात किंवा चित्रफलकावर उतरवायचे आणि तात्पुरत्या लहान देवळात, म्हणजे बालालयात, ठेवायचे. तिथे रोजची पूजा चालू राहते. काम संपले, की तेच देवत्व पुन्हा गाभाऱ्यात आणायचे. दुरुस्ती ही निव्वळ दगडविटांची बाब आहे, असे या परंपरेने कधी मानलेच नाही. आत राहणारा मधल्या काळात कुठे राहील आणि परत कसा येईल, हे तिथे आधी ठरते. त्याच मंदिराच्या आसपासची जुनी दुकानघरे सावरताना हे आधी ठरले होते का, असे मला विचारावेसे वाटते.

खाली पेढी, वर बिऱ्हाड, मधे उजेड, वारा आणि पाऊस आत घेणारा चौक, पुढे सगळ्या घरांना जोडणारी पाच फुटी छपराची वाट: असे हे घर. मलाय भाषेत त्या वाटेला ‘काकी लिमा’ म्हणतात. या घरांची चुन्याची भिंत ओल शोषते आणि बाहेरही सोडते. तिच्यावर सिमेंट थापले, की ओल कोंडते, क्षार साठतात आणि आतली वीट पिठासारखी झडू लागते. संवर्धन करणाऱ्यांनी हे नीट ओळखले, चुना परत आणला, आणि त्याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. पण माणसांच्या बाबतीत इतकी काळजी दिसत नाही. अशीच दुकानघरे असलेल्या, मलेशियातल्या पेनांगच्या जॉर्ज टाउनमध्ये १९६६ च्या कायद्याने भाडी गोठवलेली होती. तो कायदा १९९७ मध्ये रद्द झाला आणि २००० च्या आरंभापासून भाडी मोकळी झाली. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली कुटुंबे आणि छोटे कारागीर बाहेर पडले. २००८ मध्ये मलाक्कासह या शहराला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, तीही तिथल्या जिवंत, बहुरंगी लोकपरंपरेचा गौरव करत. मग अनेक घरे हॉटेल झाली, कॅफे झाली. चिनी घरातला जमिनीलगतचा भूमिदेवाचा देव्हारा जागेवर राखला, तरी सांजसकाळ उदबत्ती लावणारे घर गेले, तर त्याला देव्हारा म्हणायचे कशाच्या आधारावर?

यावर पहिला आक्षेप पैशाचा, आणि तो खरा आहे. नाममात्र भाड्यात कोणता मालक कौले बदलणार? मुंबईकराला हे वेगळे सांगायला नको. हॉटेलच्या पैशाने कित्येक भिंती वाचल्या. पण त्यातून पैशाची गरज सिद्ध होते. भाडेकरूला परत आणणे अशक्य होते, हे सिद्ध होत नाही. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. या घरांत माणसे नेहमीच बदलत आली, मग ‘मूळ’ प्राण कुणाचा? ‘मिलिंदप्रश्न’ या बौद्ध ग्रंथातला भिक्षू नागसेन रथाचे सुटे भाग दाखवून विचारतो, की यात रथ कुठे आहे. तसे घरातही स्थिर आत्मा नाही, हे मी मान्य करतो. पण तोच नागसेन दिव्याचा दाखला देतो: रात्रभर जळणारी ज्योत तीच नसते आणि वेगळीही नसते, कारण एका क्षणाची ज्योत पुढच्या क्षणाला पेटवते. भाडेकरू बदलत गेले, शेजार आणि धंदा एकाकडून दुसऱ्याकडे गेला, तोवर ही साखळी टिकली. सगळी आळी एकदम रिकामी करणे म्हणजे दिवा विझवून समई पुसून ठेवणे. आणि कोंदट, बिनखिडकीच्या खोल्यांतली जुनी गर्दी कुणालाच परत नको आहे. संडास, पाणी, वीज नवी असू दे. बालालयातून परतणाऱ्या देवालाही नव्याने रंगवलेला गाभाराच मिळतो. फक्त परतीचा करार परांची बांधायच्या आधी व्हावा, आणि दुरुस्तीचे अनुदान भिंतीइतकेच त्या कराराच्या कागदावर अवलंबून असावे.