जाळी, चौकट आणि साक्ष

प्राणिसंग्रहालयात छायाचित्र घेऊ पाहणाऱ्याची पहिली अडचण जाळी ही असते आणि तिच्यावरील उपाय सर्वपरिचित आहे. भिंग जाळीच्या अगदी निकट न्यायचे, छिद्र मोठे ठेवायचे आणि प्राणी जाळीपासून दूर जाईपर्यंत थांबायचे. मग जाळी अस्पष्ट होत विरून जाते आणि वाघ जणू अरण्यातच पहुडला आहे असे भासते. वरवर निव्वळ तांत्रिक वाटणाऱ्या या कृतीत एक नैतिक प्रश्न अनुस्यूत आहे. प्रतिमेतून पिंजरा नाहीसा झाला, तेव्हा मुक्त कोण झाले?

प्राणी तर नव्हेच. मुक्त होतो तो पाहणारा. बंदिवासाची सारी व्यवस्था ज्याच्या कुतूहलासाठी उभी असते, तोच तिच्या खुणा पुसून निसर्गदर्शनाचे समाधान पदरात पाडून घेतो. जॉन बर्जर यांनी ‘अबाउट लुकिंग’ (१९८०) या संग्रहातील निबंधात प्राणिसंग्रहालयाला माणूस आणि प्राणी यांच्या हरवलेल्या दृष्टिभेटीचे स्मारक मानले आहे. जाळी पुसणारे छायाचित्र ही हानीच झाकून टाकते.

तथापि, एवढ्यावरून छायाचित्रणाचाच निषेध करणे अपुरे ठरेल. टास्मानियातील होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात डेव्हिड फ्ले यांनी १९३३ साली थायलासिनचे, म्हणजे तथाकथित टास्मानियन वाघाचे, चित्रीकरण केले. एकेकाळी या प्राण्याला मारण्यासाठी शासन इनाम देत असे. ७ सप्टेंबर १९३६ रोजी त्याच संग्रहालयात या जातीचा ज्ञात असलेला अखेरचा प्राणी मेला. जातीला कायद्याचे संरक्षण मिळून तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. फ्ले यांच्या मूक कृष्णधवल चित्रफितीत प्राणी येरझारा घालतो, जांभई देतो आणि मागे तारेची जाळी दिसत राहते.

ती जाळी नसती, तर ही केवळ एका लुप्त प्राण्याची प्रतिमा झाली असती. जाळीमुळे ती एका संबंधाची साक्ष होते. चित्रीकरण करणाऱ्याचा हेतू साक्षीचा होता की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे. चौकटीत जे राहिले, तेच बोलते. अर्थात, या साक्षीचा प्राण्याला काहीच उपयोग नाही. त्याची संमती कोणी घेतली नव्हती आणि साक्षीने त्याची भरपाईही होत नाही. साक्ष आहे ती पाहणाऱ्याच्या विरोधात. म्हणून छायाचित्र घ्यावे की घेऊ नये, यापेक्षा चौकटीबाहेर काय ढकलले जाते, हा नैतिक विवेकाचा खरा निकष ठरतो.

आज अनेक ठिकाणी जाळीच्या जागी काच आली आहे. मुंबईच्या राणीच्या बागेतील हम्बोल्ट पेंग्विन २०१७ साली लोकांसमोर आले ते काचेपलीकडेच. अडसर पुसण्याचे छायाचित्रकाराचे काम येथे वास्तुरचनाच करून टाकते. तरीही काचेवर पाहणाऱ्याचे प्रतिबिंब उमटतेच, आणि ते टाळण्यासाठीच छायाचित्रकाराची धडपड चाललेली असते. वस्तुतः त्या चित्रात बंदिवासाची एवढीच खूण शिल्लक उरलेली असते.